दुनळीच्या दस्त्याला चीर आणि बाबांचा हट्ट

पत्राचा सारांश: दादरला राहणाऱ्या ५२ वर्षांच्या एका वाचक भगिनीने हे पत्र पाठवलं आहे. त्यांचे वडील ८१ वर्षांचे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. नोकरीची सगळी वर्षं मुंबईच्या गोदीत सुतार म्हणून गेली. निवृत्तीनंतर ते गावी जाऊन राहिले आणि पत्नी गेल्यावर पुन्हा लेकीकडे आले. त्यांच्या नावावर बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, मूळची त्यांच्या वडिलांची. निवडणुकीच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा होती. घरी आणल्यावर दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडी भागाला, मूठ धरतो त्या जागी, चार बोटं लांब चीर दिसली. ती केव्हा पडली हे कळायला मार्ग नाही. बाबांनी पेटीतून पटाशी, कानस, शिकंजे काढून ठेवले आहेत. "दोन दिवसांचं काम आहे, गॅलरीत बसून सांधतो," म्हणतात. पण त्यांचा उजवा हात अलीकडे थरथरतो. इमारतीत फर्निचरचं काम करणाऱ्या सुताराला दाखवू का, असं लेकीने विचारलं तर ते दिवसभर बोलले नाहीत. पुण्याचा भाऊ म्हणतो, "ती ब्याद एकदाची पोलिसांना देऊन टाका." भगिनींचे प्रश्न असे: हे काम घरी होतं का, कोणता गोंद लावायचा आणि बाबांना नाही कसं म्हणायचं? ताजा कलम म्हणून त्यांनी लिहिलंय की कपाटात जुनी काडतुसंही सापडली आहेत.

ताई,

गोंदाचं नंतर बोलू. आज संध्याकाळी आधी एवढं करा. बाबांना बंदूक मधल्या सांध्यावर उघडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरायला सांगा. ते पाहतील, मग तुम्ही स्वतः पाहा. पोलीस ठाण्यातून आली म्हणजे रिकामीच असणार, असं धरून चालू नका. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात ठेवा. आणि जाणकार माणसाने तपासेपर्यंत ही बंदूक उडवायची नाही, गावी जाऊन "एक बार काढून बघू" म्हणूनसुद्धा नाही. चिरलेल्या दस्त्याची बंदूक उडवली तर दस्त्याची मान, म्हणजे मूठ धरायची बारीक जागा, तुटून बंदूक हातातून उसळू शकते, आणि तेव्हा तोंड दस्त्यालाच टेकलेलं असतं.

तुमच्या पत्रात "शेवटी लाकूडच तर आहे" हे वाक्य दोनदा आलंय. तिथूनच सुरुवात करते, कारण तुमची पुढची सगळी घालमेल त्या वाक्यावर उभी आहे. लाकूडच असेल तर सुतार पुरेल. बाबा सुतार आहेत, मग त्यांना अडवायचं कशाला? आणि ते नाही तर खालचा सुतार काय वाईट? पण दुनळीतलं लाकूड खुर्चीच्या पायासारखं नुसतं वजन पेलत नाही. बार निघाला की छर्रे पुढे जातात आणि दणका मागे येतो. तो आधी लोखंडात येतो, लोखंडातून दस्त्याच्या तोंडाशी असलेल्या लाकडात आणि तिथून तुमच्या खांद्यात. आता गंमत बघा, ज्या जागी हा दणका लाकडात शिरतो तिथेच लाकूड सगळ्यात पोकळ असतं. चाप, घोडे, कमान्या बसवायला ते आतून कोरून काढलेलं असतं. त्याच्या लगेच मागे मूठ बसावी म्हणून मान बारीक केलेली असते. म्हणून जुन्या दुनळ्या चिरतात त्या बहुतेक इथेच.

चीर कुठून निघाली आहे हे नीट पाहा. बाबांचा डोळा सुताराचा आहे, त्यांना भिंग द्या. लोखंडाची एक पट्टी वरच्या अंगाने मानेवर मागे येऊन लाकडात बसवलेली असते. चीर त्या पट्टीच्या टोकापासूनच सुरू होत असेल, तर दुखणं बहुधा पट्टीतच आहे. पट्टीचं टोक आणि लाकूड यांच्यात कागदाएवढी तरी फट लागते. ती बुजली की प्रत्येक बाराला पट्टी पाचरीचं काम करते आणि लाकूड मधोमध फाकतं. चीर बाजूने, दस्त्याच्या तोंडापासून निघत असेल तर लोखंड लाकडात सैल झालेलं असतं. स्क्रू ढिले पडतात, लोखंड थोडं पुढंमागं हलू लागतं आणि मग तो धक्का राहत नाही, हातोडा होतो. तिसरा प्रकार असा की मूळ लाकूड कापतानाच त्याच्या रेषा मानेत उभ्या न राहता तिरप्या निघालेल्या असतात. अशा दस्त्याला कितीही जपा, तो कधीतरी त्या रेषेवर उकलतो.

हे इतकं सविस्तर सांगतेय त्याला कारण आहे. कारण न शोधता नुसती चीर भरली, तर गोंद टिकेल आणि त्याच्या शेजारचं लाकूड फाटेल. हे बाबांना मी सांगण्याची गरज नाही, गोदीत त्यांनी असं कितीदा पाहिलं असेल.

आणखी एक कारण प्रेमाने झालेलं असतं. पूर्वी घरोघरी बंदुकीला भरपूर तेल घालायचे आणि ती नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवायचे. वर्षानुवर्षं ते तेल खाली झिरपून दस्त्याच्या तोंडातल्या लाकडात मुरतं. लाकूड काळं पडतं, मऊ होतं, आणि गोंद धरण्याच्या लायकीचं राहत नाही. लोखंडालगतचा भाग बाकीच्या दस्त्यापेक्षा काळसर दिसतोय का, नख दाबलं तर वण उठतो का, पाहा. त्यात मुंबईची हवा. जून ते सप्टेंबर लाकूड ओल पिऊन रुंदीत फुगतं, डिसेंबर-जानेवारीत आकसतं, मधलं लोखंड मात्र जागचं हलत नाही. कोकणातल्या घरातून आलेली बंदूक वातानुकूलित खोलीतल्या कपाटात गेली तर हा ताण वाढतो.

आता कायदा. इथे मी ठाम आहे. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या कलम ५ मध्ये बंदुका बनवणं, विकणं यांच्या रांगेतच दुरुस्ती करणंही येतं, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा बाबांचा परवाना आणि दुरुस्तीचा परवाना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही धरलेले आहेत. त्यामुळे इमारतीतल्या सुताराकडे बंदूक दोन दिवस ठेवायला देणं ही साधी गोष्ट नाही. त्याच्याकडे परवाना नाही, आणि काही झालं तर तो बिचारा फुकट अडकेल. बाबा रागावले ते तुम्हाला हट्ट वाटला असेल, पण त्या बाबतीत त्यांचंच बरोबर होतं. हे त्यांना जाऊन सांगा. पुढचं बोलणं सोपं होईल.

कायद्याने एक वाट मोकळी ठेवली आहे. कलम ३ प्रमाणे, परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकतो. म्हणजे बाबांना जिने उतरणं जमत नसेल तर त्यांच्या सहीच्या पत्रावर तुम्ही ती परवानाधारक शस्त्र-दुकानात नेऊ शकता. दक्षिण मुंबईत अशी जुनी दुकानं आहेत. दस्त्याचं काम करणारा चांगला कारागीर कोण, हे वरळीच्या रायफल रेंजवर नेमाने जाणाऱ्या नेमबाजांना विचारलं तर खरं उत्तर मिळतं. नेताना नळी, नळीखालचा लाकडी भाग आणि लोखंडासकट दस्ता वेगळे करून पिशवीत घाला, मूळ परवाना जवळ ठेवा, काडतूस एकही नेऊ नका. लोकलने जाऊ नका, सरळ टॅक्सी करा. दुकानात बंदुकीचा क्रमांक आणि 'दुरुस्तीसाठी' हा शेरा असलेली पावती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

जाण्याआधी परवान्याचं पुस्तक उघडून बसा. तो गावच्या पत्त्यावर, जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला असणार. मुंबईत परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त असतो. बाबा आता कायमचे दादरला आले आहेत, तर पत्ता बदलल्याची नोंद झाली आहे का? परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे? मुदत कधी संपते? २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांसाठी मिळतो, त्यामुळे तारीख विसरणं फार सोपं झालंय. युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, त्यावर पडला आहे का, तेही पाहा. यातलं काही राहिलं असेल तर चिरेआधी ते निस्तरा. स्वतःहून परवाना शाखेत जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घेतात. तीच गोष्ट तपासणीत दुसऱ्या कोणी शोधून काढली तर उत्तरं देणं जड जातं.

एवढं झालं की मला तुम्हाला एक विचारायचंय, आणि ते तुम्ही बाबांनाही विचारावं अशी माझी इच्छा आहे. ही बंदूक पुन्हा उडणार आहे का?

तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. गावी शेत आहे, रानडुकरं आणि माकडं त्रास देतात, एवढं तुम्ही लिहिलंय. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून रानडुकरावरही परवानगीशिवाय बार टाकता येत नाही, आणि शेत आता खंडाने दुसरेच करतात. मग बंदूक दुरुस्त करून खांद्याला लावायची आहे, की आजोबांची वस्तू म्हणून धडधाकट ठेवायची आहे? या दोन दुरुस्त्या पूर्ण वेगळ्या आहेत. उडवायची असेल तर सांध्याने प्रत्येक बाराचा दणका सोसला पाहिजे. त्यासाठी लोखंड काढून आतली बैठक नीट करावी लागेल, नळ्या तपासाव्या लागतील. ठेवायचीच असेल तर चीर पुढे सरकू नये आणि लाकूड निरोगी राहावं, इतकं पुरे. ते काम पुष्कळ हलकं आहे, आणि माझ्या मते तुमच्या घराला तेच लागतंय.

उडवायचा निर्णय झाला तर कारागिराकडून आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. नळ्यांवर मूळचीच नागमोडी नक्षी असेल तर त्या पट्ट्या गुंडाळून जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या नळ्या आहेत. त्यात आजची काडतुसं घालूच नका. आणि जुन्या इंग्लिश दुनळ्यांत काडतुसाचं घर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, उडतंही, पण काडतुसाचं तोंड उघडायला पुरेशी जागा नसल्याने दाब वाढतो आणि दणकाही. दस्ता चिरण्यामागे हेही असू शकतं.

आता काम कसं होतं ते सांगते. तुम्ही घरी करावं म्हणून नाही, तर कारागिरासमोर काय विचारायचं हे तुम्हाला आणि बाबांना माहीत असावं म्हणून.

पहिलं काम लोखंड आणि लाकूड वेगळं करण्याचं, आणि हे घरी करायचं नाही. त्या स्क्रूंच्या खाचा फार बारीक असतात. साधा स्क्रू ड्रायव्हर लावला की कडा सोलल्या जातात. आत ताणलेल्या कमान्या असतात, त्या निसटल्या तर बोटाला लागतं आणि परत बसवायला खास शिकंजा लागतो. ताकद लावून दस्ता ओढला तर चार बोटांची चीर आठ बोटांची होते.

दस्ता सुटा झाला की आधी तेल काढायचं. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लाकडावर थापतात. ॲसिटोन उडून जाताना तेल वर येतं, पूड ते शोषून पिवळी पडते, ती झाडून पुन्हा थापायची. पूड पांढरी राहीपर्यंत हे चालतं, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या तेलाला कित्येक दिवस लागू शकतात. या पायरीला कंटाळून जो कारागीर "आज द्या, उद्या न्या" म्हणेल त्याला बंदूक देऊ नका.

मग गोंद. फेविकॉल फर्निचरला उत्तम, इथे नाही. तेलाचा अंश राहिलेल्या लाकडावर तो धरत नाही, आणि सतत ताणाखाली हळूहळू सरकतो. क्षणात चिकटणारे गोंद तर विसराच. ते काचेसारखे कडक होतात आणि धक्क्याने तुटतात. शिवाय चिरेत खोल जायच्या आतच वाळतात. वर एकदा त्यांचा थर बसला की नंतर दुसरा चांगला गोंदही आत शिरत नाही. हवा तो दोन ट्यूबचा इपॉक्सी, अराल्डाइटसारखा, आणि त्यातलाही सावकाश वाळणारा. पाच मिनिटांत घट्ट होणारा घेतला तर तो चिरेच्या तळाशी पोचतच नाही. चीर पातळ पाचरीने केसभर उघडायची, गोंद किंचित कोमट करून पातळ करायचा, एका बाजूने सोडायचा आणि बारीक दोरा चिरेतून मागेपुढे ओढून आत न्यायचा. दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरली तर तो ओढला जातो. पलीकडून गोंदाचा थेंब दिसला की समजायचं, आतली वाट भरली. त्यावर मेणकागद, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. मान गोल असते, तिथे लोखंडी शिकंज्यापेक्षा रबराची पट्टी सगळीकडून सारखी दाबते. मग २४ तास हात लावायचा नाही.

उडणाऱ्या बंदुकीला एवढ्याने भागत नाही. चिरेच्या आडवी, आतून, आटे पाडलेली पितळेची बारीक सळी इपॉक्सीत बसवतात, लोखंडाची बैठक सारखी करतात आणि पट्टीच्या टोकामागे ती कागदभर फट ठेवतात. हे तिन्ही करणार का, असं थेट विचारा. आणि एक कधीच करू देऊ नका: शोभा आणायच्या नादात लोखंडावरचे क्रमांक किंवा शिक्के घासू देऊ नका. ओळखीचा क्रमांक पुसायला शस्त्र कायद्याच्या कलम ८ ची मनाई आहे, आणि तशी बंदूक ज्याच्याजवळ सापडते त्यानेच तो पुसला, असं उलट सिद्ध होईपर्यंत धरलं जातं.

हे वाचणाऱ्या काही जणांकडे दुनळी नसेल, पण छऱ्याची एअरगन असेल. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल परवान्यातून मोकळी आहे. तिचा दस्ता चिरला तर वरचं सगळं घरी करायला हरकत नाही. नागदेवी स्ट्रीटवर लागणारी हत्यारं मिळतील. मात्र कमानीच्या एअर रायफलमध्ये पुढचे आणि चापाजवळचे स्क्रू काढून दस्ता अलग झाला की तिथेच थांबा, आतली कमान उघडू नका. ॲसिटोन भडकतं, म्हणून काम गॅलरीत करा आणि तेवढा वेळ घरातला गॅस आणि देवाजवळचा दिवा बंद ठेवा.

आता बाबा. ताई, तुम्ही विचारलंय, नाही कसं म्हणू. मला वाटतं, नाही म्हणायची वेळच येऊ देऊ नका. हा माणूस आयुष्यभर लाकडाच्या भाषेत बोलला. आता घर लेकीचं, निर्णय लेकीचे, हात थरथरतो, आणि तेवढ्यात एक गोष्ट अशी समोर आली जी त्याला येते आणि घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. त्यांनी पेटी उघडली ती केवळ बंदुकीसाठी नसावी. आणि तुम्ही त्यांच्यासमोर दुसऱ्या सुताराचं नाव काढलंत. तुमचा हेतू काळजीचा होता, पण त्यांना काय ऐकू आलं असेल, त्याचा विचार करा.

म्हणून तपासणी त्यांच्याकडे द्या. चीर कुठून कुठे जाते, लाकडाच्या रेषा कशा आहेत, तेल किती मुरलंय, हे त्यांनी पाहावं आणि तुम्ही कागदावर लिहून घ्यावं. मग तोच कागद घेऊन दोघांनी कारागिराकडे जावं. प्रश्न त्यांनी विचारावेत. दुकानातला माणूस चांगला असेल तर पहिल्या मिनिटात ओळखेल की समोर जाणकार बसलाय, आणि मग ते दोघं तुम्हाला विसरून बोलत राहतील. लोखंड उघडण्याचं काम दुसऱ्याने करणं त्यांना तेव्हा खटकणार नाही. गोदीतही लोखंडाचं काम फिटरचं आणि लाकडाचं सुताराचं, हे त्यांनी पाळलेलंच आहे.

आणि शेवटचा हात त्यांचाच असू द्या. सांधा पक्का होऊन बंदूक घरी आली की लाकडाला तेल पाजायचं असतं. ही निगा आहे, दुरुस्ती नव्हे. उकळलेलं जवसाचं तेल, 'डबल बॉइल्ड' म्हणून रंगाच्या दुकानात मिळतं ते. चार-पाच थेंब तळहातावर घ्यायचे आणि लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचं, जास्तीचं पुसून टाकायचं आणि पूर्ण वाळल्यावरच पुढचा हात. पावसाळ्यात एकेक हात वाळायला बरेच दिवस लागतात, म्हणून हे दिवाळीनंतर काढा. याला पटाशीचा नेम लागत नाही. थरथरत्या हाताला हे काम जमतं. एक धोका मात्र लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून टाकली तर ती वाळताना आपोआप तापते आणि पेटूही शकते. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा गॅलरीत एकेक पसरून वाळवा, कचऱ्याच्या डब्यात बोळा करून नाही.

हाताच्या थरथरीबद्दल डॉक्टरांना दाखवलंय का, ते तुम्ही लिहिलं नाही. दाखवा. हात मांडीवर विसावलेला असताना थरथरतो की पेला उचलताना, हे आधी पाहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील, आणि दोन्हींची कारणं वेगळी असतात.

तुमच्या भावाचं बोलणं मला तोडून टाकावंसं वाटत नाही. "ब्याद" हा शब्द कडवट आहे, पण त्यामागची भीती खरी आहे. घरात लहान मुलं येतात, बाबांचं वय झालंय, उद्या ते नसताना बंदूक कोणाची? परवानाधारक गेल्यावर बंदूक घरात तशीच ठेवता येत नाही. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते. त्या दिवशी घरात रडारड असते, कोणाला सुचत नाही, आणि नंतर उशीर का झाला याची उत्तरं द्यावी लागतात. पण २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे. परवानाधारकाने ७० वर्षं ओलांडली असतील किंवा बंदूक २५ वर्षं जवळ बाळगली असेल, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. बाबा पहिल्या अटीत कधीच बसले आहेत. बाकीच्या वारसांची संमती लागेल, म्हणजे भावाशी हे बोलावंच लागेल. तुम्हा दोघांपैकी कोणालाही बंदूक नको असेल, तर तेही आत्ताच, बाबांच्या देखत ठरवा. पोलिसांना आधी लेखी कळवून ती परवानाधारक माणसाला किंवा दुकानाला रीतसर देता येते. त्यांच्या मागे गुपचूप जमा करून टाकायचा विचार तुमच्या पत्रात एका ओळीत डोकावलाय, तो सोडा. परवाना त्यांचा आहे, त्यांच्या सहीशिवाय ते होणारही नाही, आणि झालं तरी तुम्हा दोघांत जे तुटेल ते सांधायला फार वेळ लागेल.

बंदूक परत आल्यावर ती कशी ठेवायची, तेही ठरवून घ्या. कुलूपबंद लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला न लागता, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. कापडी किंवा फोमच्या पिशवीत पावसाळाभर ठेवू नका, ओल आत कोंडते आणि लोखंड गंजतं. लोखंडाला तेल लावल्यावर एक रात्र नळी खाली आणि दस्ता वर असं ठेवा, म्हणजे जास्तीचं तेल लाकडात न जाता नळीच्या तोंडाकडे उतरतं. खाली जुनं फडकं घाला.

राहिली कपाटातली काडतुसं. जुनी कागदी वेष्टणाची असतील तर ओलीने फुगलेली असतात, नळीत अर्धवट बसून अडकतात. पितळी बुडाला हिरवट गंज दिसला तर ती वापरायचा प्रश्नच नाही. ती कापून छर्रे काढणं, उन्हात वाळवणं, कचऱ्यात किंवा समुद्रात टाकणं, यातलं काहीही करू नका. परवान्यावर किती काडतुसांची मुभा आहे ते पाहा, मोजून कागदावर आकडा लिहा, आणि बंदूक दुरुस्तीला नेण्याआधी परवाना शाखेत किंवा पोलीस ठाण्यात बाबांच्या सहीचा अर्ज देऊन ती कुठे जमा करायची ते विचारा. ते सांगतील तेव्हाच आणि तशीच न्या. जमा केल्यावर पोच घ्या आणि ती परवान्याच्या पुस्तकातच जपून ठेवा.